शंभर दाणे आणि ड्रमची रेस

“अठ्ठावन्न?” राठोड सर फोनवर इतक्या जोरात ओरडले, की चहा ठेवायला आलेल्या मावशींनीही माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, आपण बियाणं विकतो का फुटाणे?”

“सर, पहिला लॉट एकसष्ट होता. दुसरा चौपन्न. हा तिसरा.”

“आणि पास कितीला?”

“सत्तरला.”

हे त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. पण संतापलेला माणूस माहीत असलेलंच विचारतो.

मी दिग्रसला एका शेतकरी कंपनीत सीड ऑफिसर आहे. शेतकरी कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनीच शेअर घालून उभी केलेली कंपनी. राठोड सर तिचे सीईओ. आम्ही काही गावांत निवडक शेतकऱ्यांकडून सोयाबीनचं बियाणं तयार करून घेतो, तपासतो आणि पुढच्या हंगामात बाकीच्या सभासदांना पेरायला देतो. बियाणं आणि धान्य दिसायला सारखंच. धान्य तेलाच्या मिलला जातं, बियाणं परत मातीत जातं, एवढाच फरक. मातीत टाकलेल्या शंभर दाण्यांपैकी निदान सत्तर उगवले पाहिजेत. ह्याला जर्मिनेशन म्हणतात, म्हणजे उगवणशक्ती. सत्तरच्या वर गेलं तर बियाण्याचा भाव, खाली राहिलं तर मार्केटचा. चार महिन्यांच्या मेहनतीचा नफा असा एका आकड्यावर येऊन बसतो.

तिन्ही फेल लॉट एकाच गावचे होते. दिग्रसहून पाऊण तासावरचं गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एका माणसाने मला तशी अट घातली आहे आणि तो माणूस पुढे येणारच आहे. त्या गावात आमचा चौथा आणि शेवटचा प्लॉट होता रंजनाताई काळबांडे यांचा. कापणी झालेली, माल शेतातच गंजी लावून ठेवलेला. मळणी तेवढी बाकी.

“चौथा लॉट सरळ मार्केटला टाका,” सर म्हणाले. “महागावला सध्या भाव बरा आहे. परवापासून पाऊस सांगितलाय. गंजी भिजली तर तोही भाव जाईल.”

“सर, मला उद्याचा दिवस द्या.”

“उद्या काय होणार आहे?”

“माहीत नाही. पण तीन लॉट का पडले ते कळल्याशिवाय मी चौथा सोडणार नाही.”

“उद्या संध्याकाळपर्यंत,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या प्लॉटवर माझा जीव होता, हे लपवण्यात अर्थ नाही. नोकरीत मी पुष्कळ प्लॉट पाहिले, पण सांगितलेली प्रत्येक गोष्ट करणारा शेतकरी मला हाच भेटला. पेरणीआधी रंजनाताईंनी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरीच उगवण तपासली. चांगली निघाली, म्हणून एकरी बियाणं कमी वापरलं. आमच्याकडे दाट पेरायची हौस. दाट पीक जुलैत हिरवंगार दिसतं, बांधावरून जाणारा वाहवा करतो, आणि सप्टेंबरात तीच झाडं एकमेकांच्या सावलीत उंच वाढून आडवी होतात. रंजनाताईंनी रुंद वरंब्यावर पेरलं. म्हणजे चार ओळी आणि मग एक सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. पीक विरळ दिसायचं. गावातले लोक हसायचे, “बाई, अर्धं बियाणं खाऊन टाकलं का?”

खोडाला गोल चक्र पाडणारा चक्रीभुंगा आला, तो त्यांनी पहिल्या आठवड्यात ओळखला. फुलं आली तेव्हा दोन बायका घेऊन त्या रोज सकाळी वावरात फिरल्या. आमच्या वाणाचं फूल जांभळं. पांढरं फूल दिसलं की ते झाड भेसळीचं, उपटून बाहेर. सप्टेंबरमध्ये एका झाडाला मी एकशे चार शेंगा मोजल्या. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा मोजल्या. एकशे चारच. तिथे बांधावर मी जी उडी मारली, ती माझ्या पदाला शोभणारी नव्हती.

आणि आता हातातोंडाशी आलेला घास जाणार होता. रंजनाताईंच्या बाबतीत घास म्हणजे फक्त भाव नव्हे. त्यांचे मालक ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी. त्यांच्या वाटणीचं साडेपाच एकर वावर आतापर्यंत थोरले भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, उत्तमभाऊ मक्त्याने करत. वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची आणि पीक आपण घ्यायचं, तो मक्ता. ह्या वर्षी रंजनाताईंनी सांगितलं, वावर मी करते. घरात बैठक बसली. ठरलं असं, की एक हंगाम करून पाहा. बियाणं पास झालं तर वावर रंजनाच्या हाती. नापास झालं तर पुन्हा मक्त्याने उत्तमभाऊंकडे, आणि पुढे हा विषय काढायचा नाही.

रंजनाताईंनी सांगितलं असं मी लिहिलं, पण त्यांनी सांगितलं सासूला आणि सासूने सांगितलं उत्तमभाऊंना. त्या घरात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, अंगण एक, चुली दोन, आणि दोघांमध्ये एकही शब्द नाही. विहिरीवरचा मोटारपंप बंद करायचा असला तरी निरोप सासूमार्फत.

गावात मळणीयंत्र एकच. ते उत्तमभाऊंचं, बारा वर्षांपासूनचं.

फोन ठेवल्यावर मी फेल लॉटचे वाळूचे ट्रे समोर घेतले. जर्मिनेशन टेस्ट म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. ट्रेमध्ये ओली वाळू, तिच्यात शंभर दाणे, आणि आठव्या दिवशी धडधाकट रोपं मोजायची. आतापर्यंत मी आकडाच बघत होते. आता न उगवलेले दाणे चिमट्याने उकरून काढले.

पावसाने भिजलेला दाणा काळपट पडतो. हे स्वच्छ होते. किडीचं भोक नव्हतं. पण पुष्कळसे दाणे फुगून सडलेले. जे उगवले त्यांतल्या काहींचं मूळ अर्ध्यात तुटलेलं, काहींची दाळ, म्हणजे दाण्याची फोड, चिरलेली. हे आजारी बियाणं नव्हतं. हे मार खाल्लेलं बियाणं होतं.

सोयाबीनची साल फार पातळ असते. कोंब अगदी तिच्या खाली, एका कडेला बसलेला. ज्वारीचं पोतं हमालाने पाठीवरून आपटलं तर ज्वारीला काही होत नाही. सोयाबीनचं आपटलं तर वरून दाणा टकाटक दिसतो आणि आत कोंब मेलेला असतो. म्हणून बियाण्याची पोती आपटत नाहीत, एकावर एक फार रचत नाहीत. हे आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, आणि गोडाऊनला पोती नीटच उतरवली होती. मग मार लागला कुठे?

सकाळी साडेसातला मी वावरात पोचले. बॅगेत तीन गोष्टी होत्या. ओलावा मोजायचं मीटर, एक स्टीलचा वाडगा, आणि कपड्यांचे डाग काढायच्या ब्लीचची बाटली.

उत्तमभाऊ मशीन लावून तयार होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, डोक्याला गमछा. मळणीयंत्राला आमच्याकडे नुसतं मशीन म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर ते चालतं. आत लोखंडी दात्यांचा ड्रम फिरतो, तो शेंगा फोडतो. खाली पंखा असतो, तो भुसा उडवतो. दाणे एका तोंडातून पोत्यात.

“मॅडम, आभाय पाहून राह्यल्या ना?” ते म्हणाले. “दुपारपर्यंत पुरं वावर मोकयं करून देतो. तासाले माह्याएवढे पोते कोनाच्याच मशीनीतून निंगत नाही. इचारा गावात.”

मशीनवाल्याला पोत्यामागे पैसे मिळतात. त्यामुळे जो वेगात काढतो तो हुशार, असा सगळीकडचा हिशोब.

“उत्तमभाऊ, आधी एकच पोतं काढा. मला बघायचंय.”

“एकच? काहून?”

“काढा तर.”

आठ वाजले तरी दव होतं. ओलं पीक घातलं तर शेंगा फुटत नाहीत, आणि भर उन्हात वाळून कडक झालेलं घातलं तर दाणे फुटतात. मीटरवर ओलावा पाहत आम्ही साडेनऊपर्यंत थांबलो. तेरा टक्के आला. मग ट्रॅक्टर सुरू झाला. काय तो आवाज! पोतं भरायला किती मिनिटं लागली ते सांगायची गरज नाही, उत्तमभाऊंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं एवढं सांगते.

मी पोत्यातून मूठभर दाणे घेतले. साबूत, सुंदर, एकही तुकडा नाही असे शंभर मोजून वाडग्यात टाकले. एक भाग ब्लीच, चार भाग पाणी ओतलं. ही जुनी युक्ती आहे. ज्या दाण्याच्या सालीला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली आहे, तो पाणी ओढून दहा मिनिटांत टम्म फुगतो. धड दाणा तसाच राहतो. शंभरात दहाच्या वर फुगले तर बियाण्याचा विचार सोडून द्यायचा.

आम्ही वाडग्याभोवती उकिडवे बसलो. चौथ्या मिनिटाला एक दाणा फुगायला लागला. मग दुसरा. मग मोजता येईनात. दहा मिनिटांनी मी फुगलेले बाहेर काढून रांगेत मांडले.

“एकतीस,” मी म्हणाले.

“हॅट!” उत्तमभाऊ म्हणाले. “त्या दवाईत तर कोनताही दाना फुगन. मले कायले सांगता?”

बरोबर होतं त्यांचं. पुरावा अर्धाच होता. मी गंजीतून चार झाडं ओढून त्यांच्या पुढ्यात टाकली. “ह्या शेंगा तुम्ही तुमच्या हाताने सोला. तुम्हीच शंभर मोजा. ब्लीचही तुम्हीच ओता.”

त्यांनी सोलल्या. मन लावून सोलल्या, कारण मला खोटं पाडायचं होतं. वाडग्यात टाकून मोबाइलवर टाइम लावला. दहा मिनिटं झाली. ते वाकून पाहत राहिले. बोटाने दाणे सारले. पुन्हा पाहिले.

“दोन,” ते म्हणाले.

मला आनंदाने ओरडायचं होतं. कालपासून शोधत होते ते समोर वाडग्यात होतं! पण त्यांचा चेहरा पाहून मी खाली वाकून दाणे गोळा करू लागले. बारा वर्षं ज्याचा डंका पिटला, तो वेगच सगळ्यांचं बियाणं मारत होता. त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि ट्रॅक्टरकडे निघून गेले.

तेवढ्यात गंजीच्या मागून रंजनाताईंनी मला हाताने बोलावलं. डोक्यावर पदर, हातात सूप.

“मॅडम, हे मले मागच्या सालीच समजलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय?”

“मशीनीचा आवाज. रेस वाढली का आतून तडतड येते, फुटाने भाजल्यावानी. म्या मागच्या साली वावरात पडलेल्या शेंगा येचल्या, अन् ते एक पोतं मशीनीत नाही देल्लं, काठीनं बडवून काढलं. गोनपाटात लावून पाह्यलं, त त्या पोत्याचं सारं उगोलं. मशीनीचं अर्धंच उगोलं.”

माझा पारा चढला. “अहो रंजनाताई, मग बोलायचं नाही का? तीन लोकांचं बियाणं गेलं!”

“कोनाले बोलू? थोरल्यायशी मी बोलत नाही. सासूबाईले सांगतलं त त्या म्हने, मशीनीतलं तुले काय समजते.” त्या जरा थांबल्या. “अन् तुम्ही मले इचारलं कधी? तुम्ही फवारनीचं इचारता, खताचं इचारता. मशीनीचं इचारायले तुम्ही मशीनवाल्याकडेच जाता.”

चार महिने दर आठवड्याला मी त्या बांधावर येत होते, आणि ती बाई काठीने बडवलेल्या पोत्याचा प्रयोग करून बसली होती. कृषी पदवीधर मी, आणि कंट्रोल प्लॉट, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, लावला तिने! मी तिथल्या तिथे त्यांची माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, “आता ते राहू द्या. आभाय पाहा.”

पश्चिमेला ढग जमत होते. अंदाज उद्याचा होता, पण ढगांनी तो वाचला नव्हता.

उत्तमभाऊंनी तोवर स्वतःच ट्रॅक्टरची रेस कमी केली होती. मशीन हळू फिरू लागलं. दाणे आले, आणि दाण्यांबरोबर अर्धा भुसाही आला. पाच मिनिटांत ड्रम जाम.

“पाहा,” ते म्हणाले. आवाजात राग कमी, काळजी जास्त. “रेस कमी केली का पंखाही हळू होते. भुसा कोन उडवन? म्हून आम्ही पयवतो, हौस नाही आमाले.”

इथे खरी अडचण समजली. ड्रम आणि पंखा दोन्ही एकाच शाफ्टवर चालतात. ड्रम हळू हवा आणि पंखा जोरातच हवा. एकाच ट्रॅक्टरने दोन्ही कसं व्हायचं?

“जब्बारभाईले फोन लावा,” उत्तमभाऊ म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच लावला.

जब्बारभाईंचं दिग्रसला लेथचं वर्कशॉप आहे. जिनिंगच्या मशीनपासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही दुरुस्त करतात. तासाभरात ते जुन्या मोटारसायकलवर आले, मागे गोणपाटात बांधलेली एक भलीमोठी लोखंडी पुली आणि गळ्यात हारासारखे दोन बेल्ट. पुली म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक.

त्यांनी ड्रमच्या शाफ्टला चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवला, ट्रॅक्टर सुरू करायला लावला आणि हातातलं आरपीएम मीटर धरलं. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे.

“सहाशे ऐंशी!” ते म्हणाले. “या अल्ला. उत्तमभाऊ, तुम्ही सोयाबीन काढून राह्यले का गिट्टी फोडून राह्यले?”

“तूच तर बसवून देल्लं होतं हे मशीन.”

“म्या गव्हासाठी बसवलं होतं, भाई. सोयाबीनचं तुम्ही मले कधी बोललेच नाही.”

“मला चारशेच्या आत हवं,” मी म्हणाले. “पण पंखा कमी व्हायला नको.”

“होऊन जाईन मॅडम. ड्रमची पुली मोठी करू. मोठं चाक हळू फिरते. पंख्याच्या पुलीले हातच नाही लावू.”

इतकं सोपं! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण सोप्या कामालाही वेळ लागतो. जुनी पुली गंजून शाफ्टला घट्ट बसली होती. ती निघायला पाऊण तास. नवी पुली बसली, तर पहिला बेल्ट तोकडा. चाक मोठं झालं की बेल्टही लांब लागतो. दुसरा बेल्ट लागला, पण ओढून ताणून. उत्तमभाऊ आडवे होऊन मशीनखाली शिरले होते, कपाळाला ग्रीस. दूर कुठेतरी गडगडलं. राठोड सरांचा फोन आला.

“मॅडम, इकडे दिग्रसला अंधारून आलंय. काय चाललंय तिकडे?”

“पुली बदलतोय सर.”

“काय बदलताय?”

“नंतर सांगते,” म्हणून मी फोन कापला. सीईओंचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदाच कापला.

अडीच वाजता मशीन सुरू झालं. मीटरवर तीनशे ऐंशी. पंखा जोरात, भुसा लांब उडतोय, दाणे स्वच्छ. पण भुशात न फुटलेल्या शेंगा दिसू लागल्या. जब्बारभाईंनी ड्रमखालची जाळी पान्याने थोडी वर घेतली आणि मजुरांना सांगितलं, पेंढी मोठी टाकू नका, पातळ टाका. भुशात शेंगा येणं बंद झालं. मी धावतच मूठ घेऊन आले. शंभर दाणे, वाडगा, ब्लीच.

ह्या वेळी वाडग्याभोवती सगळेच बसले. मजूर, जब्बारभाई, उत्तमभाऊ, आणि दोन हात लांब, पदर ओढून, रंजनाताई. चौथं मिनिट गेलं, काही नाही. सहाव्याला एक. दहाव्याला मी मोजलं.

“पाच!”

जब्बारभाईंनी टाळी वाजवली. मी तर उठून उभीच राहिले. शंभरात पाच! एकतीसचे पाच! उत्तमभाऊ उठले, गमछा कसला आणि म्हणाले, “चला, टाका माल. पाऊस काही आपल्यासाठी थांबत नाही.”

आता सगळी शर्यत ढगांशी होती. मशीन पूर्वीपेक्षा हळू, पोतं भरायला जवळजवळ दुप्पट वेळ. अर्धी गंजी संपली तेव्हा वारा सुटला. ताडपत्री फडफडू लागली. मजूर वर पाहू लागले. मी पोत्यांची तोंडं बांधत होते, आवाजाकडे माझं लक्ष नव्हतं. उत्तमभाऊ ट्रॅक्टरपाशी उभे होते. बारा वर्षांची सवय. वारा पाहिला आणि त्यांचा हात आपोआप रेसच्या दांड्यावर गेला.

मला काहीच कळलं नाही. मीटर जब्बारभाईंच्या खिशात होतं. पोत्याच्या तोंडाशी रंजनाताई सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली, क्षणभर ऐकलं, सूप खाली टाकलं, आणि तिथूनच ओरडल्या,

“ओ मशीनवाले! रेस कमी करा! दाने फुटून राह्यले!”

चौदा वर्षांत पहिला शब्द. आणि हाक तरी काय मारणार? भासऱ्यांना काय म्हणायचं हे त्या घरात कधी ठरलेलंच नव्हतं. बांधावर बसलेल्या सासूबाई “अगं बाई” म्हणून उभ्या राहिल्या. रंजनाताईंचा पदर खांद्यावर आला होता. त्यांनी तो सावरला नाही. त्या नजर न हलवता ट्रॅक्टरकडे पाहत होत्या.

उत्तमभाऊ दांड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो मागे ओढला.

“बस झालं?” त्यांनी विचारलं. कोणाकडे न बघता, पण मोठ्याने.

रंजनाताईंनी कान देऊन ऐकलं. “अजून जरासक.”

त्यांनी अजून जरा ओढला.

“हां. आता राहू द्या.”

जब्बारभाईंनी घाईघाईने मीटर काढून धरलं आणि माझ्यापुढे केलं. तीनशे नव्वद. मीटर आणि बाई दोघांचं एकमत!

तिथून पुढे संध्याकाळपर्यंत रंजनाताई मशीनच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि उत्तमभाऊ ट्रॅक्टरपाशी. “जरासक कमी.” “आता बरोबर.” “पेंढी पातय टाका म्हना.” चौदा वर्षांचं बोलणं त्या दोन तासांत झालं, आणि सगळंच्या सगळं आरपीएमवर. शेवटचं पोतं शिवलं, ताडपत्री दोन बाजूंनी ओढली आणि पाचव्या मिनिटाला पाऊस आला. आम्ही सगळे ट्रॉलीखाली शिरलो. भिजलो, आणि वेड्यासारखे हसलो. उत्तमभाऊ मात्र पावसात उभे राहून ताडपत्रीचे दोर पुन्हा पुन्हा तपासत होते.

आठ दिवस मी ट्रेकडे दिवसातून तीनदा जात होते. वाळू वर उचलली जायला लागली, भेगा पडल्या, हिरवी डोकी वर आली. आठव्या दिवशी मोजलं. पंच्याऐंशी. राठोड सरांना बोलावून पुन्हा मोजायला लावलं. त्यांनीही मोजलं, आणि चष्मा काढून म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्या दिवशी माझा फोन कापला होता.”

“हो सर.”

“पुढच्या वेळी उचलूच नका.”

सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट त्याहून एकाने कमी आला, चौऱ्याऐंशी. लॉट पास. बाकीच्या तिघांचा माल मार्केटलाच गेला, त्याला इलाज नव्हता. त्या तिघांना मी स्वतः जाऊन कारण सांगितलं. उत्तमभाऊ माझ्याबरोबर आले. एकाने चार शब्द सुनावले. ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. मी हे कधी लिहिलं तर गावाचं नाव घालू नये, ही अट त्यांनी परतीच्या वाटेवर घातली.

वावराचं काय झालं, ते मला जूनच्या तोंडावर कळलं. बियाणं वाटपाचा दिवस होता. ऑफिससमोर सभासदांची रांग, आणि रांगेत उत्तमभाऊ. हातात रिकामी थैली. मला वाटलं निरोप असेल काही.

“तुम्ही कसे?”

“बियानं पाह्यजे. रंजनाच्या लॉटचंच द्या.” मग आवाज खाली करून म्हणाले, “अन् एकरी किती टाकाचं, ते सांगून ठेवा. मी त तिले इचारलं. पन रंजना म्हने, पयले घरी गोनपाटात शंभर दाने लावून पाहा, मंग सांगतो.”

“आणि रंजनाताईंचं साडेपाच एकर?”

“ते तिचंच आहे. आता माह्या तीन एकराकडेही येऊन पाह्यते.” ते थैली झटकत पुढे सरकले. “आईकते कोन आमचं?”

मी अजून ह्याच कामात आहे. कोणत्याही गावात मळणीला गेले की आधी मशीनवाल्याला आरपीएम विचारते. मग पोत्याच्या तोंडाशी सूप घेऊन जी बाई उभी असते, तिला विचारते, आवाज कसा येतोय. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर बाईचं धरते आणि मीटर दुरुस्तीला पाठवते.